रस्त्यावरचं सोयाबीन आणि मांडवातला मामा

माझ्या टुरिस्ट टॅक्सीखाली आजवर एक कोंबडीसुद्धा आलेली नाही. उलट मंगरूळपीर ते इंझोरी रस्त्यावरच्या कोंबड्या माझा हॉर्न ओळखतात आणि पिल्लांना घेऊन कडेला अदबीनं उभ्या राहतात. हे आधीच सांगतो, कारण एका माणसानं तालुकाभर सांगून ठेवलं होतं की मी माणसं तुडवत गाडी चालवतो.

हा माणूस म्हणजे त्याच रस्त्यावरचा एक मोठा शेतकरी. आमच्याकडे सोयाबीन निघालं की डांबरी रस्ता हा सगळ्यांचं अंगण होतो. सपाट, तापलेला आणि सरकारी. दाणे वाळवायला आणखी काय पाहिजे? लोक पसरतात, कडेनं दगडांची रांग लावतात आणि गाड्या उरलेल्या रस्त्यानं जातात. थोडंफार असलं तर कोणी बोलत नाही. पण यानं अर्धा रस्ता भरून असं पसरलं होतं की वरून विमान आलं असतं तर धावपट्टी समजून उतरलं असतं. तेही ऐन वळणावर. वर राखणीला स्वतःची मोटरसायकल आडवी लावलेली.

मी बाहेरगावचं एक कुटुंब दर्ग्याला घेऊन चाललो होतो. वळण घेतलं तर समोरून एसटी. एका बाजूला एसटी, दुसऱ्या बाजूला दगड. मी दगड पत्करले. गाडी दगडांवरून उडून सोयाबीनवर आली, मी ब्रेक दाबला आणि चाकांखालचे दाणे असे पळाले की गाडीनं भर रस्त्यात फुगडी घातली. मोटरसायकलला धडक देऊन आम्ही नालीत जाऊन बसलो. मागच्या सीटवरच्या आजींचा हात मोडला. त्याही हालतीत त्या मला विचारत होत्या, "बेटा, तुम्हें तो नहीं लगी?"

आणि हा शेतकरी काय करत होता? आजींना धरायचं सोडून गड्यांना ओरडत होता, "उचला बे, पयले सोयाबीन उचला!" माणसाला एकदा शिंकायला लागेल तेवढ्यात दाणे पोत्यात, पोती शेतात, दगड धुऱ्याच्या बांधापलीकडे. पोलीस आले तेव्हा रस्ता न्हाव्यानं नुकत्याच भादरलेल्या डोक्यासारखा गुळगुळीत.

"शंभरच्या स्पीडनं आला जी साहेब! पिऊन असन," यानं पोलिसांना सांगितलं.

मी म्हणालो, "साहेब, इथं सोयाबीन होतं."

"कुठं हाय बे? दाखव ना एक दाना!" तो माझ्यावर उसळला.

जमलेल्या लोकांकडे पाहिलं. सगळे आभाळाकडे पाहत होते, कारण पुढं त्यांचंही सोयाबीन वाळत होतं. पोलिसांच्या कागदावरचे 'भरधाव वेगाने, हयगयीने' हे शब्द माझ्या नावाला चिकटले ते चिकटलेच.

त्यानंतर त्यानं ही कथा चहाच्या प्रत्येक टपरीवर सांगितली आणि टपरीगणिक माझा स्पीड वाढत गेला. वाशिमला पोचेपर्यंत माझी चाकं जमिनीला टेकतच नव्हती. लोक म्हणायचे, गाडी चांगली आहे, पण ड्रायव्हर दुसरा मिळेल का? माझ्या सख्ख्या बहिणीनं पोरीच्या लग्नाला दुसऱ्याची गाडी सांगितली. तिथं मला खरं लागलं. त्या दिवसापासून मी या रागाला म्हशीसारखी सरकी-ढेप चारून पोसलं.

वैशाखात लग्नांची दाट तीथ आली. ज्याला चार चाकं होती ते सगळं वऱ्हाडात गेलं होतं, आणि नेमकी त्या शेतकऱ्याची स्वतःची गाडी बंद पडली. तो बायको आणि दोन म्हाताऱ्या आत्यांना घेऊन स्टँडवर आला, तर एकच टॅक्सी उभी. माझी. त्याच्याच कृपेनं रिकामी. किन्हीराजा गावाला भाचीचं लगन, भरदुपारचा मुहूर्त आणि हा नवरीचा सख्खा मामा. मामानं नवरीला बोहल्यावर आणायचं, मागं उभं राहायचं. त्याच्याशिवाय अंतरपाट धरतच नाहीत.

माझ्याकडे न बघता तो पुढच्या सीटवर बसला. मी बेल्ट लावला, त्याला लावायला लावला, एसी बंद केला आणि निघालो. ज्या स्पीडनं लोक मयतीला चालतात त्या स्पीडनं.

"काहून बे, गाडीत काई बिघाड हाय काय?"

"नाही जी भाऊसाहेब. मी शंभरवाला हावो ना, म्हणून जपून राह्यलो."

प्रत्येक वळणावर थांबून मी हॉर्न दिला. प्रत्येक गतिरोधकाची परवानगी घेतली. एक शेळी आमच्या बाजूनं चालत होती. ती पुढं गेली, बाभळीच्या शेंगा खाल्ल्या, रवंथ केला, मागं वळून पाहिलं, आम्ही तिथंच. सायकलवाले आम्हाला बाजूला घ्या म्हणून घंटी वाजवत होते. भाऊसाहेबांचा फेटा घामानं चिंब झाला.

भाच्याचा फोन आला. "मामाजी, कुठं राह्यले? भटजी घाई करून राह्यले!"

"अबे हान ना गाडी!" तो माझ्यावर खेकसला.

"हाणली असती जी. पण तुमीच सांगतलं ना लोकायले, का माह्या स्पीडनं हात मोडतात? आता खरं काय ते तुमीच सांगा. फोन चालूच हाय."

मागून आत्याबाई कडाडली, "सांग ना रे मुडद्या! पोरगी उभी हाय तिकडं!"

त्यानं फोन तोंडाशी धरला. "त्या दिवशी... रस्त्यावर माहं सोयाबीन होतं. याची चूक नव्हती."

"मोठ्यानं, जी. किन्हीराजा लांब हाय."

"चूक माही होती!" तो बोंबलला. पलीकडं फोन स्पीकरवर होता आणि त्याच्याभोवती आख्खी सोयरीक. फोनमधून एवढी शांतता आली की वाजंत्रीवाल्यांनीही वाजवायचं थांबवलं असावं.

"आता तरी हान!"

"कशी हाणू जी? पुढं वळण हाय."

कबुली मिळाली म्हणून मी स्पीड वाढवला असेल असं वाटत असेल, तर तुम्ही आजींचा हात पाहिलेला नाही. मांडवात पोचलो तेव्हा मुहूर्त टळू नये म्हणून नवरीमागं एक चुलतमामा उभा केला होता आणि शेवटच्या अक्षता पडत होत्या. हा चपलांच्या ढिगापाशी उभा राहिला. मी पहिल्या पंगतीत बसलो. वाढणाऱ्यांनी मला आग्रहानं दोनदा जिलबी वाढली, एकानं तर पुढच्या लग्नासाठी माझा नंबर घेतला.

परतताना मी गाडीचं दार उघडं धरून मोठ्या अदबीनं हाक मारली, "या जी भाऊसाहेब, निवांत जाऊ." तो भरउन्हात वऱ्हाडाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढला.