एक्केचाळिसाव्या मिनिटाला

चेन्नईत, एग्मोर स्टेशनमागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, संयुक्ताची चित्रपट कंपनी होती. कंपनी म्हणजे दोन खोल्या आणि ती. बरोबरीने सुरुवात केलेली चंद्रिका नोकरी धरून सिंगापूरला गेली, त्याला नऊ वर्षं झाली होती. आता सहनिर्माते ओस्लोत, सोलमध्ये. दिवसभर ती त्यांच्याशी कॉम्प्युटरवर बोले; कॉल संपला की पंख्याचा आवाज तेवढा उरे.

तिसऱ्या चित्रपटातला म्हातारा नट ऐन वेळी आजारी पडला, तेव्हा तिने वडिलांनाच, शेषाद्रींना, उभं केलं. शूटिंगही त्यांच्याच वेलचेरीच्या घरात उरकलं. संकलन ओस्लोत व्हायचं, असा करार होता. ते सुरू होण्याआधीच, जानेवारीत, शेषाद्री गेले.

मार्चमध्ये ओस्लोहून संकलन करणाऱ्या सिग्रिडचा फोन आला. "एक्केचाळिसाव्या मिनिटाला म्हातारा कुलूप लावताना काहीतरी पुटपुटतो. संहितेत नाही. सबटायटल काय देऊ?"

संयुक्ताने ते वीसेक वेळा ऐकलं. तमिळ नव्हतं. घरातली तंजावरी मराठी होती, पण शब्द गिळलेले. शाळेत मुली हसत म्हणून बाराव्या वर्षापासून ती वडिलांना तमिळमध्येच उत्तरं देत आली होती. ओळखीचे बँकेतले विद्याधर मूळचे पुण्याचे, त्यांना ऐकवलं, तर ते म्हणाले, "ही मराठी आहे?"

शेवटी ती वेलचेरीला, वडिलांच्या शेजारी राहणाऱ्या वसंता आत्याकडे गेली. ऐंशी ओलांडलेल्या आत्याने हेडफोन कानाला दाबून धरला आणि लगेच काढला.

"अगे, हें कळलं नाही तुला? 'जाऊन येतों गे.' तुझ्या अम्माला सांगायचा. ती गेली तरी सांगायचा. अकरा वर्षं ऐकलें मी, रोज कुलूप लावताना."

"घरात कोणी नसताना?" संयुक्ताने तमिळमध्ये विचारलं.

"मग? न सांगतां कसं जायचं?"

संयुक्ता दर रविवारी यायची. अप्पा तिला फाटकापर्यंत सोडायला येत. शूटिंग सोडलं तर त्यांना एकट्याने घराबाहेर पडताना तिने कधी पाहिलंच नव्हतं.

सिग्रिडला तिने अर्थ सांगितला. "पण घर तर रिकामं आहे," सिग्रिड म्हणाली, "आणि कथेत तो परत येतही नाही. प्रेक्षक गोंधळतील. आवाज काढून टाकू या."

"नको. आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत. तो बायकोला सांगतोय. ती नाहीये, एवढंच."

सिग्रिडने ती ओळ लिहून घेतली. मग म्हणाली, "ठीक आहे. ठेवू."

सप्टेंबरमध्ये ओस्लोत दुपारचा खेळ झाला. ती ओळ पडद्यावर दोन सेकंद राहिली. पुढच्या रांगेत कोणीतरी खोकलं. नंतर लोकांनी चेन्नईच्या उन्हाबद्दल विचारलं, शूटिंग किती दिवस चाललं ते विचारलं. संयुक्ताने हसून उत्तरं दिली. त्या ओळीबद्दल कोणीच विचारलं नाही.

बाहेर लख्ख ऊन होतं. ओळ राहिली, हे कोणाला तरी सांगावं म्हणून तिने मोबाइल काढला. वसंता आत्याला मुलाने ऑगस्टमध्येच कोइंबतूरला नेलं होतं, आणि फोनवर तिला ऐकू येत नसे. चंद्रिकाच्या नावावर बोट थोडा वेळ थांबलं. पण अप्पा गेल्याचंही तिला अजून कळवलेलं नव्हतं, मग सुरुवात कुठून करायची? समोरच्या बाकावर ऊन आलं होतं. संयुक्ता तिथे जाऊन बसली.