बुटांच्या पट्टीवरचे वाळे

ब्लडप्रेशरच्या गोळ्या घ्यायला तालुक्याच्या दवाखान्यात गेले आणि तिथल्या बाकावरून उठवेनाच. शेजारी सुनीता नावाची तरुण आई सासूबरोबर बसली होती. मांडीवर चार महिन्यांची लेक, जन्मतःच पावलं आत वळलेली. ‘ग्रहणात विळीवर बसलीस,’ असं सासूने तेव्हा ऐकवलं होतं. त्यामुळे मामाने बारशाला आणलेले घुंगरांचे वाळे डब्यात राहिले आणि पावलं दुपट्यात.

ते दुपटं गावच्या आशाताईंनी उघडायला लावलं. शहरातले डॉक्टर आता दर गुरुवारी इथेच येतात. दर आठवड्याला नवं प्लास्टर. आज शेवटचं निघालं आणि पावलं चक्क सरळ! मी परकी बाई, तरी टाळीच वाजवली. शहर एवढंसं जवळ आलं, तर एका आईच्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरलं!

डॉक्टरांनी लगेच आडव्या पट्टीने जोडलेले बूट घातले. “तीन महिने फक्त आंघोळीपुरते काढायचे.”

आज लेकीला घालायचे म्हणून डब्यातून काढून आणलेल्या वाळ्यांकडे सुनीता बघतच राहिली.

“आण इकडे,” सासू म्हणाली आणि तिने ते त्या पट्टीलाच दोऱ्याने बांधले.

पोरीने दोन्ही पाय एकदम उडवले. अख्खा दवाखाना वळून बघायला लागला.