तहानेली पोथी

गुणाजी भोईरांनी उभ्या जन्मात कुणाला ‘नाय’ म्हटलं नव्हतं. त्यांची बांबूची शिडी गावभर फिरायची. मोठ्या गणपतीच्या मुकुटाला रंग द्यायचा असला की पार जोहे गावच्या गणपती-कारखान्यांपर्यंत जायची. एकदा पावसाच्या तोंडावर घराची कौलं चाळायला त्यांना स्वतःचीच शिडी शेजारच्या जनूकडे मागावी लागली. जनू म्हणाला, “काका, परवा नेली तर चालंल का?” आणि गुणाजी “चालंल की” म्हणून रिकाम्या हाताने परत आले.

“नाय म्हनायला काय वाल सोलावे लागतात?” विमलबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, चुलीपाशी बसून विचारायच्या. गुणाजी हसायचे. त्या प्रश्नालासुद्धा त्यांनी कधी नाही म्हटलं नाही.

मागच्या वर्षी भात कापून झालं, वाल टाकायचं काम चालू होतं, तेव्हा बांधावरच त्यांना झटका आला. पेणच्या दवाखान्यातून घरी परतले तेव्हा उजवा हात आणि वाचा दोन्ही मागे राहिली होती. वाचा अगदी सगळी नाही, एक शब्द तेवढा त्यांच्याबरोबर आला. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, एखादाच शब्द उरतो. गुणाजींकडे उरला तो ‘नाय’.

“जन्मभर साठवून ठेवलेले, आता काढतायत एकेक,” विमलबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाशी नेला. हसल्या असतील असं आम्ही धरून चाललो.

आमच्याकडे पोथी एकट्याने वाचत नाहीत. एकजण ओवी चालीवर म्हणतो, तो वाचक. दुसरा त्या ओवीचा अर्थ साध्या बोलीत सांगतो, तो सूचक. भोईरांच्या घरी पाडव्यापासून रोज संध्याकाळी भजन असायचं आणि रामनवमीला सकाळी जन्माचा अध्याय. वाचक गुणाजी. सूचक पूर्वी हैबतराव होते. ते गेले त्या वर्षी अर्थ सांगायला कुणी बसेना. गुणाजींनी पहिली ओवी म्हटली. सगळे एकमेकांकडे बघत असताना स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, “म्हंजी राजाला पोर नव्हतं वो. यात कळत नाय ते काय?”

त्या दिवसापासून विमलबाई सूचक झाल्या. बाईमाणसाने अर्थ सांगायचा म्हणून दोघाचौघांनी नाकं मुरडली, पण तीही माणसं पुढच्या नवमीला पुढच्या रांगेत होती. विमलबाईंना अक्षर येत नव्हतं. गुणाजींच्या तोंडून ओवी पडली की ती त्यांच्या कानात शिरायची आणि निघताना आमच्या गावची होऊन निघायची. त्यांच्या अयोध्येत बिरडं शिजायचं. तिन्ही राण्या एकमेकींना गो म्हणायच्या. आणि श्रावणबाळाचे आंधळे आईबाप, जे पोथीत पाणी न पिताच प्राण सोडतात, ते विमलबाईंच्या अर्थात आधी पाणी प्यायचे.

“काकी, पोथीत पितात असं नाय,” जनू दरवर्षी टोकायचा.

“तहानेल्या तोंडानं शाप द्यायचा कसा रे? जीभ तरी ओली व्हाया नको?”

आणि गुणाजी पुढची ओवी सुरू करण्याआधी जरा थांबायचे. म्हातारा-म्हातारीचं पाणी पिऊन होईपर्यंत.

हैबतरावांनी मागे एक नियम ठेवला होता. पोथीत कुणी रडत, उपाशी, तहानेलं असताना पोथी मिटायची नाही. माणसं आत तशीच राहतात. एका नवमीला ऐन बाणाच्या प्रसंगात जनूची म्हैस व्यायला लागली, तर तिलासुद्धा रामजन्मापर्यंत थांबायला सांगितलं होतं. म्हशीने ऐकलं नाही, पण पोथी कुणी मिटली नाही. मिटलीच, तर ज्याने मिटली त्यानेच उघडायची, असंही हैबतराव म्हणत. ती वेळ कधी आली नव्हती.

झटक्यानंतर विमलबाई घरातही सूचकाचंच काम करू लागल्या. कुणी भेटायला आलं, विचारलं, “काका, वळखलंत का?” तर उत्तर यायचं, “नाय.”

“म्हनतायत, लय सुटलास,” विमलबाई सांगायच्या.

आखूड नाय म्हणजे चहा. लांब नाय म्हणजे पाठ खाजतेय. दोनदा नाय म्हणजे सुशीलला फोन लाव. सुशील त्यांचा मुलगा, रोह्याला कंपनीत असतो, शिफ्ट संपली की बायकोमुलीला घेऊन गाडीने येतो. तो म्हणायचा, “आई, तू बरोबर सांगतेस कशावरून?” तर म्हणायच्या, “तुझा बाप तक्रार करतो का?” तक्रार करायलाही गुणाजींकडे तोच शब्द होता.

नवमी जवळ आली तसा सुशीलने विषय काढला.

“यंदा मी वाचतो. नायतर मोबाईलवर लावू. बाबा ऐकतील.”

“वाचणाऱ्याला ऐकाया बसवायचं?”

“आई, त्यांना येतंय का वाचायला?”

“चाल हाय ना गळ्यात? काल भजनाला कशी धरलीन, जनूला विचार.”

हे मात्र खरं होतं. भजनात गुणाजी बसले की शब्द नव्हते, पण चाल जशीच्या तशी होती, कुठे वेळ घ्यायचा, कुठे वर जायचं. जनू मृदंगावरून म्हणाला, “काकांचं नाय सुरात हाय, सुशीलदादा. तुझं व्हय बेसूर.”

“शबूद मी लावीन,” विमलबाई म्हणाल्या. “ह्यांच्या हातून राम जल्माला येतो ह्या घरात. यंदाबी येईल.” मग आवाज उतरवून म्हणाल्या, “नायतर ह्यांना वाटंल, आपलं संपलं.”

सुशीलने मोबाईल खिशात टाकला.

नवमीला सकाळी ओटी शेणाने सारवलेली होती. शेजारच्या कारखान्यातले पांढरे, बिनरंगाचे गणपती अंगणापर्यंत वाळत ठेवलेले, तेही श्रोतेच. पाळण्याला मोगऱ्याचे गजरे. सुंठवड्याचा डबा भरलेला, आणि सुशीलची मुलगी दिशा त्याच्या जवळपास. गुणाजींना धुतलेलं धोतर नेसवून, भिंतीला टेकवून बसवलं. पुढे चौरंगावर पोथी उघडली. डावं बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. सुशील पानं उलटायला शेजारी.

आधी भजन झालं. मग गुणाजींनी चाल धरली.

“नाय नाय नाय नाय, नाऽय नाय…”

दिशा खुदकन हसली. रोहिणीने, तिच्या आईने, तिला चिमटा काढला. तोवर विमलबाई बोलत्या झाल्या.

“म्हंजी असं, की अयोध्येत दशरथ राजा. घरात समदं हाय, अंगणात पोर नाय.”

“मग?” आम्ही नेहमीसारखं विचारलं.

आणि खोटं कशाला, रंगलं. पाचसहा ओव्यांनंतर तो एकच शब्द आहे हे आम्ही विसरलो. राजा शिकारीला निघाला. विमलबाईंनी त्याच्याबरोबर भाकरी बांधून दिली. श्रावणबाळ कावडीत आईबापांना घेऊन रानात आला. “एक पारडं खाली जातं, तर बाप म्हनतो, तुझी आय सुटली रे,” विमलबाई म्हणाल्या आणि जनूचा मृदंग हसण्याने चुकला. त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते झटका आल्यापासून आम्ही पाहिलं नव्हतं. त्या गुणाजींकडे बघत नव्हत्या. त्या कधीच बघत नसत. कान तेवढा नवऱ्याकडे असे.

कानाला मात्र आज धरायला काही नव्हतं. इतकी वर्षं ओवी पुढे आणि अर्थ मागे. आज ओव्या सगळ्या सारख्याच, तेव्हा अर्थ एकटाच चालत निघाला.

हे फक्त सुशीलला दिसत होतं. विमलबाईंचा श्रावणबाळ नदीवर पोचला, त्याने घडा बुडवला, राजाचा बाण सुटलासुद्धा. गुणाजींचं बोट अजून कितीतरी वर होतं. तिथे आईबाप नुकते कावडीतून उतरले होते आणि मुलाला पाणी आण म्हणत होते.

गुणाजी थांबले. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

“नाय,” ते म्हणाले. चालीत नाही, साधं.

“म्हंजी श्रावणबाळ पडला. म्हनतो, राजा, माझं जाऊं दे, माझे आयबाप तहानेले हायत.”

“नाय.” त्यांनी बोट पानावर आपटलं. “नाय, नाय.”

“राजा घाबरला. बघा कसं म्हनतायत हे, अगदी राजावानी. म्हंजी तो घडा घेऊन निघाला…”

“आई,” सुशील म्हणाला.

गुणाजींनी बोट उचललं. पुन्हा त्याच ओळीवर ठेवलं. ओठ जुळवले, गालाची शीर ताठ झाली, कुठलातरी शब्द अगदी दातांपाठी येऊन उभा राहिल्यासारखा वाटला. आम्ही सगळे पुढे वाकलो. आला तो नायच. तो त्यांनी स्वतःच्या कानाने ऐकला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ऐकला असावा, असा त्यांचा चेहरा झाला.

मग त्यांनी डाव्या हाताने पोथी मिटली.

मृदंग बंद झाला. “मग?” कुणीतरी सवयीने विचारून गेलं, आणि जीभ चावली.

विमलबाई आता नवऱ्याकडे बघत होत्या. आम्हाला वाटलं, काहीतरी सांगतील. त्या बाईने म्हशीच्या हंबरण्याचाही अर्थ सांगितला असता.

“म्हंजी,” त्या म्हणाल्या, “नाय म्हनतायत.”

सुशीलने पोथीकडे हात नेला. “पुढचं मी वाचतो, आई. बाराला अजून वेळ आहे.”

“राहूं दे. ज्यानं मिटली त्यानंच उघडायची.”

बारा वाजता गावच्या देवळात घंटा झाली, फटाक्यांची माळ लागली. आमच्या पुढचा पाळणा रिकामाच राहिला. दिशाने सुंठवडा मागितला, तेव्हा विमलबाईंनी डबा उचलून रोहिणीकडे दिला. “पोरीला दे. बाकी काय वाटू नको. घरात जल्म झाला नाय.”

त्याला आता चार महिने होत आले. पोथी लाल फडक्यात चौरंगावर आहे. विमलबाईंनी अर्थ सांगणं सोडलंय. कुणी विचारलं, काका काय म्हणतात, तर म्हणतात, “त्यांनाच इचारा.” चहा आणि पाणी दोन्ही नवऱ्यापुढे ठेवतात आणि डावा हात कशाकडे जातो ते बघत बसतात. कधीकधी तो कशाकडेच जात नाही. मग दोन्ही उचलून नेतात.

एक मात्र नवीन सुरू झालंय. रोज संध्याकाळी दिवा लावला की त्या पाण्याचा भरलेला तांब्या पोथीशेजारी ठेवतात आणि सकाळी तो तुळशीला घालतात. आत दोघं म्हातारी कावडीतून उतरून बसलीत, पोर पाणी आणायला गेलंय, आणि इथून पुढे कुणी वाचत नाही.

परवाची गोष्ट, आवणीचे दिवस. विमलबाई लावणीहून चिखलाने भरलेल्या आल्या, दिवा लावला आणि भिंतीला टेकल्या. गुणाजी जमिनीवर हात आपटायला लागले. “नाय. नाय.” विमलबाईंनी चहा आणला. नाय. टॉवेल आणला. नाय. शिडी परत द्यायला आलेला जनू दारातच उभा राहिला. म्हणाला, “काकी, सुशीलला फोन लावायचा का?”

विमलबाईंनी त्याला हातानेच थांबवलं. गुणाजींची नजर कुठे आहे ते बघितलं. चौरंगावर तांब्या रिकामा होता.

त्या उठल्या, तांब्या भरून आणला, पोथीशेजारी ठेवला. गुणाजी शांत झाले. जनूने शिडी भिंतीला लावली, जरा घुटमळला, आणि उद्या लागणार असूनही ती मागायची राहू दिली.

“व्हय वो,” विमलबाई नवऱ्याला म्हणाल्या, “त्या दोघांना इसरले मी.” आणि चिखलाच्याच पायांनी त्यांच्या शेजारी बसल्या. पोथीला कुणी हात लावला नाही.