गावातून पहिला

दुईलिओ मार्कुच्चीला मी हातांनी ओळखायचो. आमच्या सायकल संघाचा मालिशवाला मी. रोज संध्याकाळी हॉटेलातल्या पलंगावर त्याचे पाय माझ्या हातांत असायचे. त्याचं काम ठरलेलं होतं. कप्तान रुजेरोच्या पुढे राहून वारा अडवायचा, मागच्या गाडीतून सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या आणायच्या आणि शेवटचा घाट लागला की गुपचूप मागे पडायचं. इतक्या वर्षांत त्याने एकही टप्पा जिंकला नव्हता. "तुला न जिंकण्यासाठीच ठेवलंय," असं मी चिडवायचो आणि तो हसायचा.

त्या मे महिन्यात मात्र त्याचे पाय वेगळेच होते. तीन आठवड्यांची शर्यत अर्ध्यावर आली होती. बाकीच्यांच्या पोटऱ्या लाकडासारख्या झाल्या होत्या आणि याच्या मऊ, ताज्या, जणू आजच घरून निघालाय. असे पाय सायकलवाल्याला एखाद्याच वर्षी येतात. काहींना कधीच येत नाहीत.

"रुजेरोकडे एक टप्पा माग," मी म्हटलं. "या पायांवर मिळेल तुला."

"टप्पा नको रे नेल्लो. उद्या कास्तेल्वारावरून जातोय आपण. तेवढं मला पुढे सोडा, म्हटलंय."

कास्तेल्वारा त्याचं गाव. आमच्यात एक रीत आहे. रस्ता कुणाच्या गावातून जात असला की सायकलवाल्यांचा सगळा घोळका त्याला पुढे जाऊ देतो. त्याने जावं, घरच्यांना भेटावं, सगळे येईपर्यंत थांबावं आणि परत घोळक्यात शिरावं. या सवलतीचा फायदा घेऊन जो पुढे पळून जाईल त्याला पुढे जन्मभर कुणी घोटभर पाणी देत नाही. दुईलिओसाठी रुजेरोने सगळ्या संघांना शब्द दिला होता.

दुईलिओची आई हिवाळ्यात गेली. शर्यतीचं वेड तिला; रेडिओला कान लावून बसायची. बाप ओरेस्ते लाकूडतोड्या, एकलकोंडा माणूस. सायकल म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग, असं म्हणून त्याने मुलाची एकही शर्यत पाहिली नव्हती. आईला पुरल्यापासून बापलेकांत धड बोलणंही नव्हतं.

"दारात उभा राहतो म्हणालेत बाबा फोनवर," दुईलिओ म्हणाला. "मी फक्त शेजारी जाऊन उभा राहणार. बाकी काही नको."

दुसऱ्या दिवशी मी शिदोरीच्या पिशव्या खांद्याला अडकवून गावापलीकडच्या वळणावर, दफनभूमीच्या भिंतीपाशी उभा होतो. जाताजाता पोरं त्या माझ्या हातातून उचलतात. गावातून आरडाओरडा ऐकू आला. झाली भेट, म्हटलं. इतक्यात वळणावरून दुईलिओ एकटाच आला. सायकल भिंतीला टेकवून मटकन खाली बसला.

"अरे, थांबला नाहीस?"

"थांबलो ना. बाबा उतरू देतील तर! 'पहिला आहेस, गाढवा, थांबतोस काय? पळ!' पाठीवर हात ठेवून ढकललं मला. रडत होते, नेल्लो. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं."

"मग खरं सांगायचंस."

"काय सांगू? पहिला नाहीये, मला सोडलंय? अख्ख्या गावाला माहीत होतं, पण त्यांच्यापुढे बोलायची कुणाची छाती झाली नाही."

पुढचा रस्ता मोकळा होता. वर घाट होता. ते पाय मला ठाऊक होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग जा ना!"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली.

"रुजेरोचा शब्द आहे," तो म्हणाला. मग भिंतीवर हात ठेवला. आत आईची कबर होती. "ही असती तर त्यांचा हात धरला असता. म्हणाली असती, थांबू द्या हो त्याला, अशी रीत असते."

घोळका आला. रुजेरो ओरडला, "काय रे, रडलास का बापाच्या गळ्यात पडून?"

"रडलो की," दुईलिओ म्हणाला आणि सायकलवर चढला. घाटाआधी तो नेहमीसारखा बाटल्या आणायला मागे गेला.

संध्याकाळी मालिश सुरू असतानाच त्याला फोन आला. टॉवेल गुंडाळून तो व्हरांड्यात गेला. दार उघडंच होतं.

"हो बाबा... नाही, जिंकलो नाही... पंक्चर झालं. गाव सुटलं आणि वळणावरच... हो, नशीब... नाही हो, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता... हो. आई बघत असणार, हो."

परत येऊन तो पालथा पडला. तोंड उशीत. त्या खोलीत आम्ही दोघं होतो, तरी तो किती एकटा आहे हे मला तेव्हा कळलं आणि त्यावर करण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. मी पोटऱ्या चोळत राहिलो. मऊ होत्या, ताज्या होत्या, दिवसभरात काही खर्चच झालं नव्हतं. तसे पाय त्याला पुन्हा आले नाहीत.

"कसे आहेत?" त्याने उशीतूनच विचारलं.

"थकलेत रे," मी म्हणालो. "खूप थकलेत. झोप आता."