शेवंताबाईंनी खोडलेली ओळ

शेवंताबाई मुलांचं कुठलंही पुस्तक स्वतः शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कपाटात लावत नसत. वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने एक-दोन ओळी लिहीत. 'ह्यात शेळी मरती. आधीच सांगते.' 'भूत खोटं हाय, पण एकट्यानं वाचू नका.' 'पहिली धा पानं सोडली तरी चालतील.' यातला शेवटचा अभिप्राय माझ्या पुस्तकावर होता.

मी डिंगोऱ्याचा, मराठीचा निवृत्त मास्तर. मुलांसाठी तीन कादंबऱ्या लिहिल्या आहेत आणि त्या कोणी वाचतं का, हे बघायला वणवण करायची मला खोड आहे. त्याच नादात आळेफाट्याला बस बदलून निरगुडसरच्या बाजूच्या एका वाडीतल्या वाचनालयात पोचलो, तेव्हा बाई टेबलाशी बसून माझीच पहिली कादंबरी वाचत होत्या. मी अभिमानाने ओळख करून दिली. चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या, "तुमीच व्हय? सुरवातीला डोंगराचं वर्णन लई लांबलंय. पोरं तितंच झोपत्यात."

शिक्षण सातवी. सासरच्या घरात पूर्वी मेंढरं होती. "मेंढरू घेताना दात बघत्यात. पुस्तक घेताना शेवट बघावा," असं त्यांचं शास्त्र होतं. मी भाषाशास्त्राची परीक्षा दिलेला माणूस, पण या शास्त्रापुढे माझं काही चालत नसे. तरीही दर दोन महिन्यांनी मी जात राहिलो. माझ्या पुस्तकांबद्दल खरं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

मग माझी तिसरी कादंबरी आली, 'विहिरीपलीकडचे काका'. एका मुलीचा काका आणि त्याचा जोडीदार दत्तू एका मळ्यात राहतात, अशी गोष्ट. मुलांच्या पुस्तकात असं जोडपं आणल्याबद्दल मी स्वतःवर बेहद्द खूष होतो. खरं तर सगळं धाडस एका वाक्यात होतं: 'ते घर दोघांचं होतं.' ते वाक्यही मी असं लिहिलं होतं, की वेळ पडली तर दोघांना नुसते भागीदार ठरवता यावं. तरी पुण्याच्या एका वाचकाने फोनवर मला 'धाडसी' म्हटलं आणि मी आठवडाभर छाती काढून चालत होतो. आता पुस्तकावर बंदी येणार, या आशेने चार पानी भाषणही लिहून ठेवलं.

बाईंनी पुस्तक वाचून मागे लिहिलं: 'दोन काका हायेत. एकमेकांवर जीव हाय, नवरा-बायकोवानी. पण एकदा बी भांडत न्हाईत. हे पटलं न्हाई.'

मी म्हणालो, "बाई, मुलांसमोर आदर्श ठेवायचा होता."

"आदर्श कशाला? च्यात साखर जास्त पडली तरी माझ्यात नि मालकांच्यात दोन दिस अबोला असायचा. तुमची ती दोघं फोटोतल्या देवावानी नुसती हसत्यात. माणसं हायेत ना ती? मंग भांडू द्या त्यांना."

महिनाभरात बाजीराव वाचनालयात आला. टोमॅटोचा बागायतदार, पोरगी सहावीत. पुस्तक शेवटच्या पानावर उघडून त्याने विचारलं, "पोरगी म्हनती, दोन बाप्ये असं राहत्यात का? मी काय सांगू तिला?" वाचनालयाच्या कमिटीने बैठक लावली आणि लेखकाला बोलावलं. मी इस्त्रीचा कुर्ता घातला, खिशात चार पानी भाषण घेतलं. वीसेक माणसं होती. बाजीरावने तोच प्रश्न अगदी साधेपणाने विचारला.

मी उभा राहिलो. खिशातले कागद खिशातच राहिले. माझ्या तोंडून जे निघालं ते असं: "ते दोघे केवळ मित्र आहेत. बाईंचा वाचण्यात काहीतरी घोळ झालाय."

कोणी मला धमकावलं नव्हतं. कोणी आवाजही चढवला नव्हता. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "लेखक सांगत्यात तर खोडते," म्हणाल्या आणि सगळ्यांसमोर खोडरबर घेऊन आपल्या ओळी पुसल्या. मग चहा झाला. मी दोन कप प्यालो.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्यांनी खुर्ची दिली. मी माफी मागायला लागलो, तर हाताने थांबवलं.

"मला खोटं पाडलं त्याचं काय न्हाई वो, मी म्हातारी बाई. एक मानूस हाय हितला. घरात पोरंबाळं न्हाईत, तरी तुमचं पुस्तक चार डाव घेऊन गेला. त्या बैठकीला मागं बसला व्हता. दुसऱ्या दिशी पुस्तक टेबलावर ठिवलं नि म्हनला, 'बाई, माझाच वाचण्यात घोळ झाला.' पुन्हा आलाच न्हाई. त्याला कशाला खोटं पाडलं सर तुमी?"

मी नाव विचारलं. त्या म्हणाल्या, "नाव न्हाई सांगायची. पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत काय ते सरळ लिवा."

लिहितो म्हणालो. पण आवृत्ती काही निघेना. पहिलीच अजून माझ्या पलंगाखाली गठ्ठ्याने पडली होती. आणि त्या हिवाळ्यात चार दिवसांच्या तापाने बाई गेल्या. मला फार वाईट वाटलं, आणि लाज तर त्याहून जास्त.

दशक्रियेला नदीवर गेलो. आमच्याकडे दहाव्याला माइक असतो आणि पुढाऱ्यांची रांग असते. दोन पुढाऱ्यांनी बाईंबद्दल बोलता बोलता रस्त्याच्या कामाबद्दलही सांगून घेतलं. मग माझं नाव पुकारलं. या वेळी कागद नव्हते. मी म्हणालो, "त्या बैठकीत मी खोटं बोललो. माझ्या पुस्तकातले दोन काका एकमेकांचे जोडीदार आहेत, नवरा-बायकोसारखे. बाईंनी बरोबर वाचलं होतं. ज्यांनी ज्यांनी तसं वाचलं, त्यांनीही बरोबरच वाचलं होतं."

आता कावळा शिवेल, असा एक मूर्ख विचार माझ्या मनात येऊन गेला. घाटाकडे बघितलं, तर पिंडाला कावळा मघाच शिवून गेला होता. बाईंचं काही माझ्यावाचून अडलं नव्हतं.

खाली येऊन बसलो तर शेजारी बाजीराव. आता हा काय म्हणतो, म्हणून मी अंग चोरलं.

तो हळूच म्हणाला, "सर, हे त्याच दिशी सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं का तुमाला? घटकाभर भांडलो असतो, लई तर. पोरीला काय सांगायचं, येवढंच इचारत व्हतो मी. ती तर तवाच म्हनली, सर घाबरलं."

मंडपात दोन-तीनशे माणसं बसली होती, पांढऱ्या टोप्या, गळ्यात उपरणी. चार वेळा पुस्तक नेणारा माणूस त्यातला कोणता, तो आला तरी होता का, हे मी चेहऱ्यांवरून शोधत राहिलो. मला ते कळलं नाही. आजही माहीत नाही.