इस्त्री उचलली की माणूस बरा

मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानात विजेची इस्त्री येऊन जमाना झाला, तरी आजोबांच्या वेळची कोळशाची इस्त्री कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होती. काम काडीचं नाही आणि मान सगळ्यात मोठा. घरोघरी एखादे काका असतात, तशी. तिच्याकडे एकच खातं होतं, आरोग्याचं. घरातल्या पुरुषाचा ताप उतरला, की त्यानं दुकानात येऊन ती एका हातानं खांद्यापर्यंत उचलायची. उचलली तर माणूस बरा, बसा मशीनवर. नियम आजोबांचा. ताप अंगावर काढण्यात या घराण्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

मास्तरांच्या वडिलांनी फ्लूनंतर ती उचलली आणि पुढच्याच आठवड्यात कोटाला बाही लावता लावता ते मशीनवर कलंडले. पुढे थोरल्या भावानंही फ्लूनंतर उचलली, वर हसूनही दाखवलं, आणि काही दिवसांनी जिन्यात टेकला तो उठलाच नाही. दोन्ही वेळा लोक म्हणाले, "हार्टनं गेला. ताप तर केव्हाच उतरला होता, इस्त्रीसुद्धा उचलली होती." ताप आणि हार्ट ही दोन गिऱ्हाइकं एकमेकांच्या ओळखीची असतील, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आलं ते वहिनीच्या. वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. दुकानात काजं-बटणं तीच करायची. मग मास्तरांना फ्लू झाला. ताप उतरल्यावर ते दुकानात आले, बाही सरसावली आणि बघतात तर स्टूल रिकामं.

"वहिनी, इस्त्री कुठाय?"

"आहे."

"आहे म्हणजे कुठे?"

"आहे तिथे आहे. तुम्ही बसा, भावजी."

"अहो, सूट द्यायचेत लोकांचे."

"नागडं कोणी फिरणार नाही." वहिनीनं सुईत दोरा ओवला. "मागच्या वेळी यांनी उचलली, तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या."

मास्तर बसले. बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला बसायचंच होतं. दुकानाची एक पायरी चढून आले होते आणि दम मात्र डोंगर चढल्यासारखा लागला होता. कापड बेतणाऱ्या पुतणीनं, म्हणजे वहिनीच्या मुलीनं, कात्री ठेवली आणि गाडी बोलावली.

दवाखान्यात तपासल्यावर हृदयाला सूज निघाली. वेळेवर आलात, असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी घरातल्या मृत्यूंची चौकशी केली, आणि ऐकता ऐकता त्यांचं पेन थांबलं.

"विषाणू सगळ्यांना तोच," त्या म्हणाल्या. "शेजाऱ्याला सर्दी देऊन निघून जातो. काही घराण्यांत मात्र मुक्काम ठोकतो. मग रक्तात गुठळ्या होतात, नाहीतर हृदय सुजतं, आणि तेही ताप गेल्यावर. ही नाजूकता आईबापांकडून येऊ शकते. तपासून बघू."

"म्हणजे एकाच ताग्यातलं कापड," मास्तर म्हणाले. "धुतलं की सगळं आटणार."

"सगळं आटेलच असं नाही. म्हणून तर तपासायचं."

वहिनीनं मुलीकडे पाहिलं. नाक बापाचं, कान बापाचे, हट्ट बापाचा. इथवर तिची काही तक्रार नव्हती.

तपासणीत काका आणि पुतणी दोघंही एकाच ताग्यातली निघाली. दरवर्षी लस घ्यायची, ताप आला तर तो गेल्यावरही पडून राहायचं, आणि छातीत जरा कुठे खुट्ट झालं की दवाखाना गाठायचा, एवढं ठरलं. मास्तर बरेच दिवस घरी पडून होते. पडून राहायलाही अंगात कसब लागतं, हे त्यांना तेव्हा कळलं.

पुढच्या थंडीत पुतणीला ताप आला. तो उतरला त्याच दिवशी बाईसाहेब दुकानात हजर.

"काका, ठणठणीत आहे मी. आणा ती इस्त्री, उचलून दाखवते."

"घरी जाऊन पड."

"अहो, तो कोट बेतायचा राहिलाय."

"नागडं कोणी फिरणार नाही," मास्तर म्हणाले. वहिनीनं काजावरून मान वर केली नाही, पण सुई क्षणभर थांबली. पुतणी पाय आपटत घरी गेली आणि डॉक्टरीणबाईंनी सोडेपर्यंत पडून राहिली.

ती कामावर परतली, त्या दिवशी वहिनीनं आपल्या ट्रंकेतून इस्त्री काढून आणली. आता ती बेतायच्या टेबलावर असते. पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडू नयेत, एवढंच तिच्याकडे खातं. ती हलवायची झाली, की काका-पुतणी हात मागे बांधून उभी राहतात आणि वहिनी ती उचलते. तिचा तागा वेगळा.