गंज झाकणारी चमक

धरणगावच्या बाजारात दीपकच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर शालिग्राम नाना तीस वर्षं बसला. काम एकच, भांड्यांवर नावं टाकायची. छिन्नी, हातोडी, टिक-टिक, ठिपक्याला ठिपका जोडून अक्षर. आमच्याकडे लेकीचा हंडा असो की मेलेल्याच्या नावानं वाटायचं ताट, नावाशिवाय भांडं घराबाहेर पडत नाही. पण आता जळगावला नावं टाकायची मशीन आली, आणि नानाची छिन्नी दिवस दिवस पोत्यात पडून राहायला लागली.

अशात शिंदखेड्याच्या हिलालची माय, भिकुबाई, वारली. सुतक फिटायच्या गंधमुक्तीला वाटायला दीडशे ताटं हवी होती, बठ्ठ्यांवर, एकूण एक ताटावर, मायचं नाव. सुतकामुळे त्याला येता येईना. म्हणाला, एका ताटावर नाव टाकून फोटो धाडा. अक्षर पटलं तर बठ्ठी तुमच्याकडून, नाहीतर जळगावहून.

नानानं नाव टाकलं. दीपकनं ट्यूबलाइटखाली, वर फ्लॅश मारून फोटो काढला. ताटात पांढराफटक गोळा, पंख्याची पाती आणि दीपकची ढेरी. नाव कुठंच नाही.

"नाना, तुनं अक्षरच दखात नही."

"अक्षर शे. मझार तुनं पोट उनं, ते सरकाव!" नानानं फोटोतल्या ढेरीवर बोट ठेवलं.

नानानं ताट आणि दीपकचा फोन उचलला आणि मागच्या बोळात गेला. तिथं दिवसभर सावली, आणि दिवसभर मुताचा वास. नाक दाबून त्यानं अक्षरांत काजळ चोळलं, बोट फिरवून वरचं पुसलं. दोरीवर पांढरं धोतर असं टाकलं की ताटात धोतराशिवाय काहीच दिसू नये. फ्लॅश बंद केला, दोन पावलं मागं सरकला आणि बाजूनं, तिरका फोटो घेतला. अक्षर तिळासारखं टपोरं उठलं.

फोटो धाडला आणि लगेच हिलालचा फोन.

"अक्षर झकास शे, नाना. पन काठवर हाई लाल लाल काय शे?"

चमक गेली तशी ताटाची लाज उघडी पडली होती. पत्र्याला लाटा, काठाला गंज. गोदामात ओल खाल्लेला माल होता तो. दीपकनं फोन हिसकावला. "उजेडाचा दोष आहे, भाऊ. दुसरा धाडतो." फोन ठेवला आणि नानाच्या कानाशी आला. "परत काढ, नाना. नाव दिसू दे, पण काठावर ट्यूबची चमक पाड. तुले आते जमस ना!"

नाना पचकन थुंकला. "मरेल मायना नावखाल गंज झाकू मी? थू तुना धंदावर!" आणि तिथंच उभ्या उभ्या स्वतःच्या फोनवरून हिलालला सांगितलं, "ताट सडेल शे, लेऊ नको."

हिलालनं घेतली नाहीत. ताटं जळगावहून घेतली, आणि नावंही तिथल्या मशीननंच टाकून आणली. दीपकनं नानाचं पोतं पायरीवरून खाली फेकलं. दुसऱ्या दिवशी तीच ताटं ट्यूबखाली झळकवून व्हॉट्सॲपवर टाकली. आठवड्यात बठ्ठी खपली. लोक डोळे उघडे ठेवून गंज घरी घेऊन गेले.

नाना आता एसटी स्टँडच्या भिंतीला बसतो. दिवसाला एखादा डबा, एखादा तांब्या. परवा एक बाई त्यातलंच ताट घेऊन आली, लेकीचं नाव टाकायला. नानानं काठावरून अंगठा फिरवला, लाल झालेला अंगठा तिच्यापुढं धरला आणि ताट परत केलं.

बाईनं त्याला मरणाच्या शिव्या घातल्या, आणि ताट घेऊन मशीनवाल्याकडे निघाली.